बद्द वाजणारी भिंत

घरात, शेजारात आणि आता प्रशिक्षणाच्या वर्गातही तिला सगळे नाकवाली म्हणत. नाक काही फार मोठं नव्हतं, पण त्याला सगळं आधी कळायचं. दूध नासायच्या तासभर आधी ती पातेलं उचलून बाजूला ठेवायची. जिन्यात उभी राहून कोणाच्या कपाटामागे उंदीर मेलाय ते सांगायची, आणि ते खरं निघायचं. नाक मुरडून मुरडून त्याच्या दोन्ही बाजूंना दोन रेघा उमटल्या होत्या, त्या ती झोपली तरी जात नसत.

बावीस वर्षं ती साबणाच्या कारखान्यात वड्या कागदात गुंडाळत होती. कारखाना बंद पडला. मग बायकांना बांधकामातलं काहीतरी शिकवणारा तीन महिन्यांचा वर्ग निघाला, कोणी रंग शिका, कोणी वायरिंग, कोणी लाद्या बसवायला शिका. रंगाच्या वासाने तिचं डोकं उठायचं आणि विजेची भीती वाटायची, म्हणून लाद्या.

"आई, तुम्ही आणि सिमेंट?" सून हसली होती. "तुम्हाला तर माझ्या डोक्याच्या तेलाचाही वास सहन होत नाही."

आता दैवगती बघा. पंधरा दिवसांत सुनेनेच नियम केला, की कामाचे कपडे दाराबाहेरच्या बादलीत उतरवायचे आणि मग आत यायचं. "वास येतो हो आई." जन्मभर दुसऱ्यांना नाक मुरडणारी बाई जिन्यात अंधाऱ्या कोपऱ्यात उभी राहून गाऊन चढवायची आणि मुलाच्या घरात पाहुणीसारखी पाय पुसून शिरायची. म्हणूनच तिला ते प्रमाणपत्र हवं होतं. नगरपालिकेच्या दुरुस्ती खात्यात लाद्या बसवणारीची जागा होती, जागेबरोबर एक खोली होती, आणि खोलीला आतून लावता येईल अशी कडी होती. अट एकच, महिनाअखेरीच्या आत पास झालेलं असलं पाहिजे.

त्यांना शिकवणारे मास्तर तीस वर्षं मिस्त्रीकाम केलेले. हात सोन्याचा. लादीला सिमेंटचा माल लावायचे तो दातेरी थापीने एकसारखा, जणू केस विंचरतायत. "लादी बोलते," म्हणायचे आणि खिशातलं नाणं काढून लादीवर टकटक करायचे. "मागे माल भरलेला असेल तर खणखणीत. पोकळ असेल तर बद्द. परीक्षकही हेच नाणं वाजवून बघणार. एक लादी बद्द वाजली की गेलात."

हे शिकवणं चोख होतं. दुसरं शिकवणं मात्र ते बोलता बोलता द्यायचे. कोपरा नीट आला नाही, भोक मोठं पडलं, तर खांदे उडवून म्हणायचे, "असू दे. झाकलं की झालं."

त्या प्रशिक्षण केंद्रात बायकांचं संडास होतं, पण त्याच्यात सिमेंटची पोती रचून ठेवलेली. पोती हलवायला मास्तरांना तीन महिन्यांत सवड झाली नाही. सहा बायका सकाळी नऊपासून संध्याकाळी पाचपर्यंत पाण्याचा घोट घेत नसत. पुरुष कामगारांची अडचण नव्हती. त्यांच्याकडे रिकाम्या बाटल्या होत्या. त्या बाटल्या पुढे कुठे जातात, हे विचारायचं कोणाच्या मनात आलं नाही.

परीक्षेचं काम खऱ्या जागेत असतं. यंदा ते एका वृद्धाश्रमात निघालं. तळमजल्यावरची तीन न्हाणीघरं, दोघींना एक. काम तीन दिवसांचं, तिसऱ्या दिवशी चारला परीक्षक येणार. नाकवालीच्या जोडीला आली नर्सबाई. ही बाई अठ्ठावीस वर्षं रुग्णालयात नोकरी करून, गुडघे दुखतात म्हणून घरी बसली आणि घरी बसून मन दुखायला लागलं म्हणून इथे आली. नर्सबाईला कशाचीच किळस नव्हती. बाजूच्या भिंती तिने घेतल्या, मागची भिंत नाकवालीच्या वाट्याला आली.

न्हाणीघराचं दार उघडलं आणि नाकवाली दोन पावलं मागे सरकली.

"काय गं?" नर्सबाई म्हणाली.

"तुला येत नाही?"

"येतोय की. माणसं राहतात तिथे यायचाच."

पण तो नुसता माणसांचा वास नव्हता. फुलदाणीत आठवडाभर सडलेलं पाणी, ओलं गोणपाट, त्याखाली जुनी, आंबलेली लघवी, आणि या सगळ्यावर फिनेलचा गोड गोड थर. गोड होता म्हणूनच तो घशात चिकटत होता. जुन्या लाद्या आधीच्या माणसांनी उखडून नेलेल्या, उघडा गिलावा चारी बाजूंनी. मागच्या भिंतीवर गुडघ्याइतक्या उंचीला पिवळट डाग, कडेने तपकिरी, चहा सांडलेल्या कागदासारखा.

"मास्तर, इथे ओल आहे," ती म्हणाली.

मास्तरांनी डागावर हात फिरवला आणि तो हात पँटला पुसला. "जुनी आहे. वाळेल. लाद्या बसल्या की कोणाला दिसतीये?"

तेवढ्यात शेजारच्या खोलीतून एक आजी बाहेर आल्या. हातात टॉवेल, साबणाची डबी, केस ओले. कातडी एवढी कोरडी की दंडावर पांढऱ्या रेघा ओढल्यासारख्या. त्यांची खोली त्या न्हाणीघराला लागूनच, पलंगाची उशी नेमकी मागच्या भिंतीला टेकलेली.

"वास येतोय ना?" आजी हसून म्हणाल्या. हसणं कसलं, माफी मागणं होतं ते. "माझाच येतो गं बायांनो. आश्रम चालवणाऱ्या मॅडम म्हणतात, वय झालं की अंगाला येतोच. मी दिवसातून तीनदा आंघोळ करते, तरी जात नाही. जेवायला बसले की शेजारची खुर्ची रिकामीच असते. काम करताना त्रास झाला तर सांगा, मी बागेत जाऊन बसेन."

नाकवालीने काय करावं? खोटं कशाला सांगायचं, तिने तोंड फिरवलं. नकळत, पण फिरवलं, आणि दुपट्ट्याचं टोक नाकाला लावलं. आजींनी ते पाहिलं. टॉवेल सावरून त्या पलीकडच्या टोकाच्या न्हाणीघराकडे चालू लागल्या. थोड्या वेळाने तिकडून पाणी पडल्याचा आवाज आला.

"आत्ताच तर झाली ना यांची आंघोळ?" नर्सबाई म्हणाली.

त्या वासात उभं राहून थापी धरणं नाकवालीला शक्यच नव्हतं. मग तिने ते केलं, जे घर सांभाळलेली कोणतीही बाई करील आणि कोणताही मिस्त्री स्वप्नातही करणार नाही. तिने भिंत धुतली. घरून आणलेला साबणाचा चुरा बादलीत विरघळवला, त्यात फिनेल ओतलं आणि घासणीने मागची भिंत वरपासून खालपर्यंत घासली, फेस येईपर्यंत, जळलेल्या पातेल्याचं बूड घासावं तशी. पाण्याची बचत म्हणून वरून एकच तांब्या मारला. दुसऱ्या दिवशी सकाळी भिंत कोरडी आणि सुगंधी होती. तिने दिवसभर खपून चोपन्न लाद्या लावल्या. ओळ सुतात, कोपरे काटकोनात. मास्तरसुद्धा म्हणाले, "हात बसलाय तुमचा."

तिसऱ्या दिवशी सकाळी दार उघडलं तर सात लाद्या जमिनीवर पडलेल्या. आठवीला तिने बोट लावलं, ती हलत्या दातासारखी हातात आली. नववी, दहावी. मागचा माल लादीला घट्ट होता, पण भिंतीशी त्याचं काही नातंच नव्हतं.

मास्तरांनी एका लादीचा मागचा भाग हुंगला आणि ते हसायला लागले. हसता हसता भिंतीला टेकले, मग बाहेरच्या दोन कामगारांना हाक मारली. "या, या, बघा! बाईंनी भिंतीला न्हाऊ घातलंय! अहो, साबणाचा थर राहिला मागे. त्याला माल काय चिकटणार? माझ्या तीस वर्षांत असलं कोणी केलं नाही. तिला पावडरही लावायची होती!"

कामगार हसले. नाकवालीच्या कानशिलांपर्यंत आग गेली.

"झालं तुमचं हसून?" नर्सबाई म्हणाली. "आता उपाय सांगा."

"उपाय काय? सगळं काढा, छिन्नीने जवळजवळ टोचे मारून भिंत खडबडीत करा, धुवा, नुसत्या पाण्याने हं, आणि पुन्हा लावा. चारपर्यंत होत असेल तर बघा."

दोघींनी मिळून लाद्या उतरवल्या. नाकवालीने छिन्नी घेतली आणि वरून टोचे मारत खाली आली. वर आवाज खणखणीत होता. डागापाशी आल्यावर तो बदलला. तिने छिन्नी ठेवली, खिशातलं नाणं काढलं आणि गिलाव्यावर वाजवलं. बद्द. डावीकडे, बद्द. सबंध हातभर रुंदीची पट्टी, मडकं फुटलेलं असावं तशी बद्द.

"मागे पाइपांचा खण असेल," नर्सबाई म्हणाली. "पोकळच वाजणार."

"पण विटांचा आवाज कुठाय?"

तिने पुढचा घाव घातला आणि छिन्नी मुठीपर्यंत आत गेली. विटा नव्हत्याच. खोक्याचा जाड पुठ्ठा, त्यावर जाळी, जाळीवर बोटभर गिलावा, बस्स. पुठ्ठा भिजून लापशी झालेला. ती लापशी तिच्या मनगटावरून ओघळली आणि मागोमाग वास बाहेर आला. इतके दिवस भिंतीतून पाझरत होता तो नव्हे, तर त्याचा बाप. नाकवाली बाहेर पळाली, कुंडीशी वाकली, आणि सकाळचं सगळं तिथे टाकून परत आली. परत आली, हे महत्त्वाचं.

नर्सबाईने भोक मोठं केलं होतं आणि मोबाइलचा उजेड आत धरला होता. "बघणार का?" तिने विचारलं. आवाज नेहमीचा नव्हता.

आत वरच्या मजल्याच्या संडासाचा पाइप उतरत होता. त्याच्या जोडावर कडं नव्हतं, तर कोणाची तरी बनियन पिळून कोंबलेली होती, काळी, बुळबुळीत, आणि तिच्यातून थेंब पडत होते. थेंब पडत होते ते बाटल्यांवर. बाटल्या! तीसेक असतील. कोपऱ्यात मांडून ठेवल्यासारख्या, झाकणं लावलेल्या, आतलं पाणी शेवाळी झालेलं, काहींची झाकणं फुगून उडालेली. बाटल्यांच्या फटींत उष्ट्या जेवणाची पाकिटं, हातमोजे, पिचकाऱ्या मारलेले कागद, आणि त्या सगळ्याचं मऊ मऊ घरटं करून मेलेली उंदरीण, पिलांसकट. वर कोणीतरी पाणी सोडलं. बनियन थरथरली आणि एक पिवळी धार बाटल्यांवर फुटली.

"देवा," नाकवाली म्हणाली. ओकारी आता येत नव्हती.

मास्तर आले. वाकून पाहिलं. चेहऱ्यावर आश्चर्य नव्हतं, हीच गोष्ट नाकवालीच्या डोळ्यांत भरली. त्यांनी रुमाल नाकाला लावला आणि घड्याळ पाहिलं.

"साडेबारा," ते म्हणाले. "होईल. ऐका. मी एक सिमेंटचा तयार फळा देतो, भोकावर ठोका, वर जाळी, पटकन सुकणारा माल. दीडपर्यंत भिंत उभी. लाद्या लावायला मी स्वतः हात देतो. परीक्षकांना मी सांगेन, मधल्या पट्टीत पाइप आहे, तिथे नाणं वाजवू नका. तुम्ही पास."

"आणि हे?" नाकवालीने भोकाकडे बोट केलं.

"हे होतंच ना? सहा वर्षं होतं. काम आमच्याच माणसांनी केलंय. तेव्हा खालचं संडास चालू नव्हतं. माणसं काय करणार?"

"आम्ही तीन महिने काय केलं, मास्तर?" नर्सबाईने अगदी हळू विचारलं.

मास्तरांनी ते ऐकलं नाही असं दाखवलं. "बाई, तुम्ही नवीन आहात म्हणून सांगतो. कोणतीही भिंत उघडा, हेच निघेल. भिंती असतात कशासाठी? झाकलं की झालं. तुम्हाला ती नगरपालिकेची जागा हवी आहे ना? महिना संपायला चार दिवस आहेत. पुढची परीक्षा तीन महिन्यांनी." आणि ते फळा आणायला गेले.

नर्सबाई म्हणाली, "मी काही सांगणार नाही. माझ्या भिंती खणखणीत आहेत. भोगायचं तुला आहे."

नाकवालीच्या डोळ्यांसमोर ती खोली आली, आणि तिची कडी. जिन्यातली बादली आली. मनात आलं, आपण काय आश्रम बांधलाय? आपण शिकायला आलेल्या. फळा ठोकायचा, लाद्या लावायच्या, हात धुवायचे. तिने खरंच हात धुतले. दोनदा धुतले. हुंगून पाहिले. वास तसाच होता. तिने तिसऱ्यांदा साबण उचलला आणि तशीच थांबली, ओल्या हातांनी.

तीनदा.

साबण तिथेच टाकून ती शेजारच्या खोलीच्या दारात गेली. आजी खिडकीशी बसल्या होत्या, खुर्ची अशी ओढून की वाऱ्याने वास बाहेर जावा. केस ओलेच.

"आजी, जरा येता का? काही दाखवायचंय."

"मी? नको गं. तिकडे कोंडलेली जागा, तुम्हालाच त्रास."

"या. माझा हात धरा. हात घाण आहे, पण धरा."

आजी आल्या. भोकाशी येऊन वाकल्या. नर्सबाईने उजेड धरला. नाकवालीला वाटलं, आता या रडतील, नाहीतर चक्कर येईल. आजींनी एक मोठा श्वास घेतला, लोणच्याची बरणी उघडून घेतात तसा, मग आणखी एक.

"हाच," त्या म्हणाल्या. "हाच गं, हाच." मग सरळ उभ्या राहिल्या, बाही वर केली आणि स्वतःचा कोपर हुंगला. मनगट हुंगलं. ओले केस पुढे ओढून हुंगले. "माझ्या अंगाला साबणाचा येतोय," त्या आश्चर्याने म्हणाल्या. "नुसत्या साबणाचा."

आणि मग ती माफी मागत हसणारी बाई व्हरांड्यात जाऊन अशा काही आवाजात ओरडली की बागेतले कावळे उडाले. "मॅडम! ओ मॅडम! इकडे या! सगळ्या या! काठ्या घ्या आणि या!"

त्या आल्या. एकेक करत, चालत, चाकांच्या खुर्च्या ढकलत, अकरा म्हाताऱ्या. आजी दारात उभ्या राहून एकेकीला आत सोडत होत्या. "जा, वाक. नीट हुंग. आता सांग कोणाचा होता?" ज्या बाईने जेवताना शेजारची खुर्ची सोडली होती, तिला दोनदा आत पाठवलं. मॅडम आल्या, नाकाला पदर लावून म्हणाल्या, "अगं बाई, हे काय हे?" आजींनी त्यांचा पदर हळूच खाली केला. "असं नाही. वय झालंय माझं, पण तुमचं तर नाक शाबूत आहे. घ्या."

मास्तर फळा घेऊन आले ते या गर्दीच्या मागे उभे राहिले. फळा त्यांनी भिंतीला टेकवून ठेवला आणि तो तिथेच राहिला.

चारला परीक्षक आले. रुमाल नाकाला, वही काखेत. नर्सबाईच्या भिंती वाजवल्या, सगळ्या खणखणीत. मग मागे वळले, हातातलं नाणं धरून क्षणभर नुसते बघत राहिले. वाजवायला काही नव्हतं.

"ही भिंत कोणाची?"

"माझी," नाकवाली म्हणाली.

"लाद्या?"

"नाही लावल्या."

"का?"

"मागे हे आहे साहेब. लाद्या लावून तुम्ही वाजवल्या असत्या तर बद्दच वाजल्या असत्या."

परीक्षकांनी मास्तरांकडे पाहिलं. मास्तर छताकडे बघत होते. परीक्षक भला माणूस असावा, दोनदा लिहायला घेऊन थांबला. पण वहीत रकाने दोनच होते. त्याने 'काम अपूर्ण, अनुत्तीर्ण' असं लिहिलं. तिने सही केली. पेनाला तिच्या बोटांचा डाग लागला, तो त्याने पेन चिमटीत धरून पुसला आणि मागे न बघता गेला.

संध्याकाळी नळाचा माणूस येऊन वरचं पाणी बंद करून गेला. नर्सबाईने बादल्या भरून बाटल्या बाहेर काढल्या, मोजल्या नाहीत. नाकवाली व्हरांड्यातल्या बाकावर बसली. अंगभर ती लापशी वाळली होती. हातची गेलेली खोली आणि आज रात्रीची जिन्यातली बादली, दोन्ही तिला दिसत होत्या. स्वतःच्याच बाहीकडे तोंड वळलं की ती ते पुन्हा फिरवत होती.

आजी येऊन शेजारी बसल्या. अगदी लागून.

"आजी," नाकवाली म्हणाली, "परवा मी तोंड फिरवलं होतं."

"पाहिलं मी."

"मग?"

"मग काय? आंघोळ केली."

आतून कोणीतरी बाटली आपटल्याचा आवाज आला. आजींनी मान तिच्याकडे वळवली, हुंगलं, आणि नाक असं काही मुरडलं की नाकवालीने जन्मात मुरडलं नसेल.

"शी! आता मात्र तुझा येतोय गं," त्या म्हणाल्या. "अशी घरी जाणार आहेस? ऊठ, पलीकडच्या न्हाणीघरात गरम पाणी आहे." आणि त्यांनी मांडीवरची साबणाची डबी तिच्या हातात ठेवली. "घे. ठेव तुलाच. मला आता एवढा लागायचा नाही."